दहा हजारांचे सोळा हजार

आज दुपारी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या वॉचमनकाकांबरोबर मनी ट्रान्सफरच्या दुकानात गेलो होतो. काका नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले. दुकानदारानं कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे सरकवला: इथले दहा हजार, तिकडे सोळा हजार. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून तसाच बांधलेला आहे.

येताना चहा घेतला. म्हटलं, "काका, आखातात का नाही गेलात? तिकडे जास्त मिळतात ना?" हसले. तिकडे जायला पासपोर्ट, एजंट, वर सावकाराचं व्याज. इकडे यायला फक्त भाडं. उत्तराखंडातल्या बनबसाची हद्द ओलांडली की झालं! भारत-नेपाळमधल्या १९५० च्या करारामुळे व्हिसाची भानगड नाही. म्हणजे ज्यांच्याकडे चार पैसे आहेत ते कतार-मलेशियाला, आणि ज्यांच्याकडे तेही नाहीत ते आपल्या गेटवर.

नेपाळच्या जीडीपीचा साधारण चौथा हिस्सा असा बाहेरून आलेल्या पैशाचा. त्यातून घरावर पत्रे चढतात, पोरांची फी भरली जाते. पण तरणी माणसं बाहेर, त्यामुळे शेतं पडीक. काकांच्या घरी आता तांदूळ विकतचा, तोही बऱ्याचदा भारतातून गेलेला. आपलाच पैसा फिरून इकडे!

आणि आपण? रात्रभर जागणारा माणूस स्वस्तात मिळतो, पीएफ नाही, सुट्टी नाही. (लिफ्टच्या आरशावर खर्च करताना मात्र कुणी घासाघीस केली नव्हती.) रविवारच्या मीटिंगमध्ये पगारवाढीचा विषय मांडतोय. सोसायटीतले जे कोणी हे वाचत असाल, त्यांनी कृपया हजर राहा.