बारा एकोणचाळीसचे बारा

भाच्याला नाताळच्या सुट्टीत घड्याळांचं म्युझियम बघायचं होतं. शाळेत कालमापनावर काहीतरी शिकवलं होतं, त्याचं खूळ. म्हटलं, चल, तुला बिनतिकिटाचं दाखवतो, फक्त मान वर करून बघावं लागेल. माझं एक छुपं कामही होतं: खिशात आजोबांची बंद पडलेली एचएमटी होती आणि फोर्टात तिच्यासाठी घड्याळजी गाठायचा होता.

२६ डिसेंबरला डोंबिवलीहून ७.४१ पकडली. आमच्याकडे गाडी मिनिटांनीच ओळखतात. ‘पावणेआठची’ म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

सीएसएमटीला उतरल्यावर इमारतीकडे पाठ करून टॅक्सी शोधायची सवय. त्या दिवशी पहिल्यांदा रस्ता ओलांडून समोर उभे राहिलो. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या या इमारतीचं काम १८७८ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. दर्शनी भागावर मधोमध मोठं घड्याळ आणि त्याच्या खाली रिकामा कोनाडा. तिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणी होती. "राणी गेली, घड्याळ राहिलं," मी म्हटलं. भाचा म्हणाला, "मामा, राणीला ते दिसतच नसेल. तिच्या डोक्यावर होतं ना!"

तिथून बाजारगेट. बोमनजी होरमसजी वाडियांच्या स्मरणार्थ १८८२मध्ये उभारलेला मनोरा या गल्लीच्या गर्दीत आहे. अग्यारीची आठवण करून देणारी घडण, आणि घड्याळाच्या जोडीला कारंजं. हातगाड्यांच्या मधून त्याचा फोटो काढणं जमलं नाही. काळाघोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या कपाळावरही घड्याळ आहे. मूळ कल्पना टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या मेकॅनिक मंडळींची, १८४७ची. आजची इमारत १८७०ची. दिवसभर यंत्रं हाताळणाऱ्यांनी काढलेल्या वाचनालयाला घड्याळ नसतं तरच नवल. इथे पाच मिनिटं थांबलो, कारण खरा मुक्काम पुढे होता.

ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवर बघावा. जवळ गेलं की तो झाडांत आणि कुंपणात हरवतो. उंची २८० फूट. पायाभरणी १८६९ची, पूर्ण झाला १८७८मध्ये. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, आणि हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे आहेत, ते मात्र इथल्याच माणसाच्या हातचे: रावबहादूर मुकुंद रामचंद्र. मला टॉवरपेक्षा हे पुतळेच जास्त आवडतात, पण खालून ते इतके बारीक दिसतात की दुर्बीण न आणल्याचा पस्तावा झाला.

पैसा प्रेमचंद रायचंदांचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या तेजीचे हे राजे. १८६५ला युद्ध संपलं, बाजार कोसळला, पण आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी विद्यापीठाला दिलेली देणगी तेवढी वाचली. राजाबाईंना दिसत नसे आणि जैन असल्यामुळे त्या सूर्यास्तापूर्वी जेवत, म्हणून लेकाने टोल्यांची सोय केली, असं सांगतात. खरं-खोटं राजाबाईंना ठाऊक.

पण याच घड्याळाने एकदा सरकारशी भांडण मांडलं होतं, ते मला भाच्याला सांगायचं होतं.

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्याच्या सूर्याची. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, त्या हिशेबाने मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावायची, म्हणजे मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनने सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. लोक भडकले. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवत राहिलं, तेव्हा सरकारने रात्री तबकडी उजळण्याचा खर्च द्यायचं नाकारलं. घड्याळ बधलं नाही. शेवटी माघार सरकारनेच घेतली.

मग १ जानेवारी १९०६ला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावरची आजची भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या ३९ मिनिटं पुढे. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं. भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार म्हणजे अंधारात उठून चालू लागायचं. त्यांचं काय चुकलं? ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५पर्यंत टिकून होता. आमचे आजोबा गिरगावात छापखान्यात होते. कुणी लग्नाचं आमंत्रण दिलं की ते विचारत, "टायम कुठला, ष्टँडर्ड की बॉम्बे?" पुढे स्वतःला उशीर झाला की म्हणायचे, "मी बॉम्बे टाइमने आलोय."

भाच्याला हे पटेना. "सूर्याची वेळ वेगळी कशी असेल? बारा म्हणजे बारा."

मैदानावर क्रिकेट चालूच होतं. एका टोळीकडे जादा स्टंप होता, तो मागून घेतला. मोकळ्या जागेत ठोकला, ओळंब्यात आहे का ते बाटलीच्या पाण्याच्या पातळीवरून अंदाजाने बघितलं. राजाबाईचे बाराचे टोले पडले तेव्हा सावलीच्या टोकाशी काडी रोवली. मग दर दहा मिनिटांनी एक काडी. टोळीतली दोन पोरं आउट होऊन आमच्याकडेच येऊन बसली. एकाने विचारलं, "काका, ज्योतिष बघताय का?"

सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा सूर्याचे बारा. ती आखडत होती, पण इतकी हळू की नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. भाच्याने कंपासमधली पट्टी काढली. बाराच्या मानाने साडेबाराला तिने दोनेक सेंटिमीटर अंग चोरलं होतं. बारा चाळीसच्या आसपास काहीच हलेना. बारा पन्नासला ती किंचित लांबली. मी त्याला थांबवून ठेवलं, भेळ आणून दिली, आणि एक वाजून अठरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं. सावली बरोबर बाराला होती तेवढी. बारा आणि एक अठरा यांच्या बरोबर मधोमधची वेळ त्याने बोटांवर काढली, पुन्हा काढली, आणि हळूच म्हणाला, "बारा एकोणचाळीस."

(हा खेळ नाताळाच्या आसपासच करावा. फेब्रुवारीत किंवा नोव्हेंबरात केलात तर सूर्य दहा-पंधरा मिनिटांनी मागेपुढे होतो आणि मामाची पत जाते.)

आजी लग्नातल्या घटिकापात्राबद्दल सांगायची, ते मला आठवलं. पाण्यात सोडलेली भोक पाडलेली तांब्याची वाटी, भरून बुडाली की एक घटका, आपली २४ मिनिटं. म्हणजे मुंबईने दीड घटकेहून थोडं जास्त सोडलं. भाच्याला घटकेत रस नव्हता. त्याने मनगटावरचं डिजिटल घड्याळ ३९ मिनिटं मागे घेतलं होतं आणि कुणी कितीही सांगितलं तरी ते पुढे घ्यायला तो तयार नव्हता.

घड्याळजी अखेर फोर्टातल्या एका जिन्याखाली सापडले. टपरीएवढी जागा, काचेची पेटी, डोळ्याला भिंग. आजोबांची ‘जनता’ त्यांनी उलटी केली, पात्याने मागचं झाकण उघडलं. आत १७ ज्वेल्स. भाच्याला वाटलं खजिना निघाला; म्हातारबुवांनी चिमट्याच्या टोकाने एक लाल ठिपका दाखवला. "माणिक, पण कारखान्यातलं. चाकाचा दांडा यात फिरतो, म्हणून झिजत नाही." मग चाकाला फुंकर घातली. चाक दोनदा थरथरलं आणि थांबलं. "तेल सुकलंय. मेलेली नाहीये."

भिंतीवर अकरा घड्याळं होती, अकरांच्या अकरा वेळा. पावतीवर वेळ टाकायला त्यांनी मोबाइल काढून बघितला.

"सोमवारी या. पाचनंतर."

भाच्याने मनगट पुढे केलं. "कुठले पाच?"