बाऊजींचा हात

परवा दुपारी रोह्याहून पनवेलला येत होते. जिते गेलं आणि आपट्याला गाडी थांबली. समोरचा मुलगा फोनमधून डोकं वर न काढता शेजारणीला म्हणाला, "'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटच्या सीनचं शूटिंग इथलंच." ती तडक दारात. मीही मान बाहेर काढली. फलाट, थोडी झाडं, पसरलेलं कुत्रं. रायगड जिल्ह्यातल्या या स्टेशनाने पंजाबचं सोंग इतकं बेमालूम घेतलं होतं की त्याचं कौतुक वाटावं.

सुटत्या गाडीत कुणाला हात देऊन आत ओढणं मुंबईच्या माणसाला नवीन नाही. त्यामुळे शाहरूखच्या हाताने मला कधी काही झालं नाही. अमरीश पुरींच्या मुठीतून लेकीचं मनगट सुटतं, तेव्हा मात्र होतं. अजूनही.

1995. दिवाळीच्या तोंडावर, 20 ऑक्टोबरला पिक्चर लागला. भाजणी दळून आणायची सोडून मावशी आम्हा सगळ्या पोरींना घेऊन गेली. शाहरूखबद्दल तिचं मत वाईटच होतं. 'बाजीगर'मध्ये त्याने काजोलच्याच बहिणीला गच्चीवरून ढकललं होतं, आणि ते ती विसरली नव्हती. करवा चौथला काजोलच्या सिमरनसोबत शाहरूखचा राजही उपाशी राहिला म्हटल्यावर ती जरा सैलावली. मग सिमरनची आई, फरीदा जलाल, दागिन्यांचं गाठोडं पुढे करते आणि म्हणते, हिला घेऊन जा. तो नाही म्हणतो. नेईन तर बाऊजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हात हातात दिल्यावरच. मावशीने पदर डोळ्यांना लावला. "मुलगा असावा तर असा," असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून मान डोलावली.

आदित्य चोप्रा तेव्हा 24 वर्षांचा, पहिलाच सिनेमा. पण कुणाला खिशात घालायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरुण मुलं काय, जतीन-ललितच्या गाण्यांवरच आली असती. त्याने मावश्या जिंकल्या. तोवर पडद्यावरची प्रेमं एक तर पळून जायची, नाहीतर मरायची. हा पठ्ठ्या मुलीच्या घरात मुक्काम ठोकून बसला. परवानगी मिळेपर्यंत हलायचं नाही! मुंबई सेंट्रलच्या 'मराठा मंदिर'ने पुढे त्याच्यासारखाच मुक्काम ठोकला. डिसेंबर 2014मध्ये तिथे 1000 आठवडे पूर्ण झाले. समोर स्टेशन, जवळच एस.टी.चा डेपो, गाडीला वेळ असलेली माणसं सकाळी साडेअकराच्या खेळाला जाऊन बसत. गोष्ट तोंडपाठ असली तरी बाऊजींच्या "जा सिमरन"ला शिट्ट्या ठरलेल्या.

मावशीच्या लेकीने पुढे स्वतःच जमवलं. मुलगा चांगला शिकलेला, नोकरी उत्तम, आणि तोही पळून जायला तयार नव्हता. दर रविवारी यायचा. मावशी चहासुद्धा विचारायची नाही. जात आडवी आली होती. मावशीचे यजमान तर बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे, तो जाईपर्यंत. शेवटी ताईने रजिस्टर लग्न केलं. सह्यांना आम्ही मैत्रिणी-बहिणी.

आता सगळं छान आहे. जावई लाडका आहे, नातू तर विचारूच नका. मागच्या गणपतीत मोदक वळताना मी मावशीला सहज छेडलं, तेव्हा थिएटरात किती रडली होतीस गं.

"रडेन नाही तर काय," ती म्हणाली. "पण तो राज मल्होत्रा होता. त्यांच्यातलाच."