काकांविना पहिली वार्षिक तपासणी : ओ-२०० इंजिनची नोंद

माझ्या छोट्या विमानाच्या इंजिनवरचं आवरण, म्हणजे काउलिंग, उतरवलंय, तेल काढून झालंय, आठही प्लग ट्रेमध्ये क्रमाने मांडलेत. इंजिन गरम असताना घेतलेले कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतं त्याचे, आकडे असे : पहिलं सिलिंडर ८० पैकी ७४, दुसरं ७२, तिसरं ५८, चौथं ७५. म्हणजे यंदाची तपासणी तिसऱ्याभोवतीच फिरणार. एरवी असा आकडा आला की आधी काकांना फोन जायचा. काका यंदा गेले, हे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहेच. म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा लांबेल. इंजिनबद्दल लिहिताना त्यांच्याबद्दल लिहिणं टळणार नाही, आणि मला ते टाळायचंही नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात : काका परवानाधारक अभियंता होते आणि छोट्या विमानांच्या पोटाखाली त्यांचं आयुष्य गेलं. सेसना असो की पायपर, आपल्यापैकी जवळपास प्रत्येक विमानमालकाने कधी ना कधी त्यांना अवेळी फोन केलेला आहे. ते लगेच उत्तर कधीच द्यायचे नाहीत. आधी प्रश्न यायचे. कधीपासून होतंय? किती उंचीवर? इंधन-हवेचं मिश्रण किती विरळ केलं होतंस? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, "त्याच्या आधी कोणी हात लावला होता?"

या शेवटच्या प्रश्नाने निम्म्या तक्रारी जागच्या जागी सुटायच्या. कुणी आदल्या आठवड्यात प्लगांना ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो उतरवलेला असायचा, कुणी तेलाची नळी बदललेली असायची. काकांचं ठाम मत होतं की विमान बिघडण्याचा सगळ्यात धोकादायक काळ म्हणजे दुरुस्तीनंतरचे पहिले काही तास. त्यासाठी ते वॉडिंग्टनचा किस्सा सांगत. सी. एच. वॉडिंग्टन हा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ, कोंबडीच्या भ्रूणांवर काम केलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये आकडेवारी तपासायला बसला. लिबरेटर विमानांची दर ५० तासांनी तपासणी व्हायची. त्याच्या गटाला दिसलं ते असं : अचानक उद्भवणारे बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सर्वांत जास्त असतात आणि पुढे तास वाढतील तसे कमी होत जातात. म्हणजे तपासणीच काही बिघाड जन्माला घालत होती. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं तेव्हा विमानं जास्त उडू लागली. "अंड्यातलं पिल्लू बघणाऱ्या माणसाला कळलं," काका म्हणायचे, "आणि आपल्याला पाना हातात आला की राहवत नाही."

आता तिसरं सिलिंडर. तिसरं म्हणजे कुठलं, हा काकांचा आवडता आडवा प्रश्न. ओ-२०० बनवणाऱ्या कॉन्टिनेंटल कंपनीच्या इंजिनांवर क्रमांक मागून सुरू होतात, लायकमिंग कंपनीच्या इंजिनांवर पुढून. त्यामुळे ओ-२०० वर वैमानिकाच्या बाजूने बघितलं तर पहिलं उजवीकडे मागे आणि तिसरं उजवीकडे पुढे. लायकमिंग ओ-३२० वर नेमकं उलट. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मात्र दोघांचा एकच, १-३-२-४, त्यामुळे घोळ लवकर ध्यानात येत नाही. चुकीचं सिलिंडर उतरवल्याचे किस्से आपल्या वर्तुळात पुरेसे आहेत, नावं घेत नाही.

कॉम्प्रेशन चाचणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली नाही त्यांच्यासाठी एक आकडा देतो, कारण काका तो प्रत्येकाला देत. आपण ८० पौंड दाबाची हवा सोडतो. ओ-२०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, चार इंचांहून थोडा जास्त, १०३ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनवर साधारण ४७० किलोचा भार. पिस्टन बरोबर वरच्या टोकाला असेल तर हा भार क्रँकवर, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर, सरळ बसतो आणि काही होत नाही. जरासा इकडेतिकडे असेल तर प्रॉपेलर झटक्यात फिरतो. म्हणून प्रॉपेलर धरणारा माणूस वेगळा, हवेची कळ उघडणारा वेगळा, आणि दोघांनी एकमेकांशी मोठ्याने बोलायचं. या वेळी प्रॉपेलर शेजारच्या हँगरमधल्या मित्राने धरला. तोही काकांचाच चेला, त्यामुळे मी कळीला हात लावायच्या आधीच ओरडत होता.

आकड्यापेक्षा फुसफूस महत्त्वाची. तेल भरण्याच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आमची फुसफूस एक्झॉस्टमधून, स्पष्ट. जुन्या पठडीतला मेकॅनिक इथेच निर्णय देतो : ६० च्या खाली, उतरवा सिलिंडर.

काकांनी तो उतरवू दिला नसता, निदान त्या दिवशी तरी नाही. सिलिंडर काढायचं म्हणजे थ्रू-बोल्ट सैल करायचे, आणि तेच बोल्ट क्रँककेसचे दोन अर्धे आवळून मेन बेअरिंग जागच्या जागी दाबून ठेवतात. ते सैल असताना कुणी प्रॉपेलर फिरवला तर बेअरिंग सरकू शकतं. परत घट्ट करताना धाग्यांना नीट तेल नसेल तर टॉर्क रेंच योग्य आकडा दाखवतो आणि बोल्टवर ताण मात्र कमीच येतो. मूळ आजार एका व्हॉल्व्हचा, आणि उपचारात अख्खं इंजिन पणाला. कॉन्टिनेंटलनेही २००३ साली ठरीव ६० चा नियम बाजूला सारला. त्यांच्या पद्धतीत चाचणीच्या यंत्राला एक प्रमाणित छिद्र जोडून त्या दिवसाची किमान मर्यादा काढतात, आणि ती बहुतेकदा चाळिशीत निघते. त्याच्या जोडीला बोअरस्कोप, म्हणजे सिलिंडरच्या आत बघायचा बारीक कॅमेरा, सक्तीचा. काका हे त्याच्या आधीपासून सांगत होते, असं ते स्वतःच सांगायचे. ते खरं धरायला माझी हरकत नाही.

तर बोअरस्कोप आत घातला. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर राखेचा थर चंद्राभोवती खळं पडावं तसा गोल आणि मधोमध असतो. व्हॉल्व्ह जळायला लागला की एका कडेला जास्त उष्णता लागते, तिथला थर उडतो, रंग बदलतो आणि खळं एका बाजूला सरकतं. आमचं खळं मधोमध होतं. कड सगळीकडून सारखी. व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या सीटवर मात्र एके ठिकाणी बारीक खडा बसल्यासारखं दिसलं. आमच्या अभियंत्याने फोटो पाहिले आणि ठरलं : सिलिंडरला हात नाही, उडवायचं आणि गरम असतानाच पुन्हा मोजायचं.

तो खडा बहुधा शिशाचा. ओ-२०० घडलं ८० ऑक्टेनच्या इंधनासाठी, ज्यात लिटरमागे जास्तीत जास्त ०.१४ ग्रॅम शिसं चालायचं. आज मिळणाऱ्या निळ्या १०० एलएल इंधनामध्ये ही मर्यादा ०.५६ आहे, म्हणजे चौपट. ते शिसं खालच्या प्लगांत गोळ्या होऊन बसतं आणि व्हॉल्व्हच्या दांडीवरही चढतं. यावर काकांचा उपाय फुकटचा होता. इंजिन सुरू झालं की टॅक्सी करतानाच मिश्रण विरळ करायचं, आणि थोडंथोडकं नाही, इतकं की थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिन खोकलंच पाहिजे. म्हणजे मिश्रण पुन्हा दाट करायला विसरून उड्डाण करायची सोयच उरत नाही. अर्धवट विरळ केलेलं इंजिन ती चूक बिनबोभाट होऊ देतं, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

हात लावू नका म्हणणारा माणूस आळशी, असं मात्र कुणी समजू नये. काही गोष्टींना काका तासाभराची सूट देत नसत. केबिन हीटरचा मफलर ही त्यातली पहिली. त्याच्याभोवतीचं पत्र्याचं आवरण काढल्याशिवाय तपासणी झाली असं ते मानतच नसत, कारण आत तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड थेट आपल्या नाकाशी येतो, आणि त्याला वास नसतो. आम्ही आवरण काढलं, व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडली, साबणाचं पाणी फासलं. वेल्डिंगच्या कडेला बुडबुडे आले! तडा केसाएवढा, नुसत्या डोळ्याला दिसलाच नव्हता. मफलर दुरुस्तीला गेला आणि विमान जमिनीवर बसलं.

म्हणजे ज्या सिलिंडरचा आकडा वाईट आला ते जागेवर राहिलं, आणि ज्या मफलरबद्दल कुणाची तक्रार नव्हती तो उतरला. काकांना हे फार आवडलं असतं.

मफलर येईपर्यंत प्लग साफ केले आणि जागा बदलून बसवले : खालचे वर, वरचे खाली. तांब्याचे वॉशर नवे, टॉर्क ३०० ते ३६० इंच-पौंडांत. एक प्लग मित्राच्या हातून फरशीवर पडला, तो त्याने मुकाट्याने कचऱ्यात टाकला. पडलेला प्लग बाहेरून धडधाकट दिसतो, आत इन्सुलेटरला चीर गेलेली असू शकते, यावर वाद घालायचा नसतो.

या मोकळ्या वेळात आणखी एक विषय निघाला. आपल्यातले काही जण विमान उडवणं जमत नाही म्हणून दर आठवड्याला हँगरसमोर दहा मिनिटं इंजिन चालवतात. काका याला "पाणी पाजणं" म्हणत. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिच्यातली थोडी रिंगांमधून क्रँककेसमध्ये उतरते. तेल चांगलं ८०-९० अंशांवर बराच वेळ राहिलं तरच ती बाहेर पडते, आणि जमिनीवर ते घडत नाही. हाताने प्रॉपेलर फिरवून ठेवणं त्याहून वाईट, कारण उरलेला तेलाचा पापुद्राही पुसला जातो. आपल्या कॉन्टिनेंटलचा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या खाली असतो, त्यामुळे थोडं निभावतं. लायकमिंगवाल्यांचा वर असतो, तेल आधी तिथलं उतरतं. त्यांनी हे जास्त मनावर घ्यावं.

एका बाबतीत आमचं कधीच जमलं नाही. मला चारही सिलिंडरांचं तापमान दाखवणारा मॉनिटर बसवायचा होता, काका म्हणायचे, "अरे, आकडे बघत बसशील आणि बाहेर बघायचं राहील." मी तो या तपासणीत बसवतोय. तिसऱ्या सिलिंडरवर डोळा ठेवायचा तर दर वेळी बोअरस्कोप घालण्यापेक्षा हे बरं. त्यांनी दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी हळूच आकडे विचारले असते.

मफलर आला, बसवला, पुन्हा साबणाच्या पाण्याने तपासला. इंजिन बंद करण्याआधी आयडलवर, म्हणजे ते मंद चालत असताना, मॅग्नेटोचा स्विच क्षणभर ऑफ करून पाहिला. इंजिन मरायला लागलं, म्हणजे स्विचपासून मॅग्नेटोकडे जाणाऱ्या दोन्ही तारा, पी-लीड, शाबूत. ती तार तुटली असेल तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि कुणी सहज प्रॉपेलर हलवला तरी इंजिन सुरू होऊ शकतं. मग धावपट्टीच्या आसपास क्रूझ पॉवरवर उड्डाण, उतरल्यावर लगेच चाचणी. तिसरं सिलिंडर : ६८. फुसफूस आहे, पण कान लावावा लागतो. अभियंत्याने सही केली. पुढच्या तेलबदलाला पुन्हा मोजणार आणि बोअरस्कोपचे फोटो आजच्या फोटोंशेजारी ठेवून बघणार. खळं सरकलेलं दिसलं तर मात्र सिलिंडर उतरेल, त्यात मागेपुढे बघणार नाही.

यानंतरचं काम मॅग्नेटोंचं. दोघांचेही ५०० तास भरत आलेत, आणि इथे काकासुद्धा उघडा म्हणायचे, कारण पॉइंट आणि कार्बन ब्रश झिजतात ते बाहेरून कळत नाही. फक्त दोन्ही एका वेळी नाहीत : एकाच हाताने, एकाच दिवशी, एकच चूक दोन्हीकडे होऊ शकते. तेव्हा डावा या महिन्यात, आणि उजवा विमान त्यावर निदान पंचवीस तास उडाल्यावर.