पुण्याहून मेलबर्नला जाताना केलेली सामानाची निवड

२०२३ च्या एप्रिलमध्ये माझ्या पतींची मेलबर्नमधील नोकरी पक्की झाली आणि कोथरूडमधला चौदा वर्षांचा संसार आवरायला आमच्या हाती जेमतेम दहा आठवडे उरले. त्यांतले पहिले दोन आठवडे वायाच गेले, कारण प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, तिची तिथली किंमत शोधायची आणि मग न्यायची की नाही यावर चर्चा करायची, असा आमचा क्रम होता. रोज रात्री दिवाणखान्यातला ढीग वाढलेलाच दिसे.

जहाजाने सामान पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस घर पाहायला आला, तेव्हा त्याच्या हातात वजनकाटा नव्हता, मोजपट्टी होती. न्हावा शेवाहून जाणाऱ्या आमच्या खोक्यांचे पैसे घनमीटरवर ठरणार होते, विमानात मात्र माणशी ३० किलोंचीच मुभा होती. तोवर आम्ही पुस्तके बॅगांमध्ये आणि पांघरुणे खोक्यांमध्ये भरत होतो, म्हणजे नेमके उलटे करत होतो. मग पुस्तके, पुरणयंत्र, लोखंडी खलबत्ता, बिडाचा तवा अशा जड पण कमी जागा व्यापणाऱ्या वस्तू जहाजाकडे गेल्या आणि आजीच्या लुगड्यांची गोधडी आमच्याबरोबर विमानात आली. आम्ही जूनअखेर पोहोचणार होतो, तेव्हा तिथे ऐन थंडी असते, आणि खोकी हाती पडायला पुढे अकरा आठवडे लागले. पुण्यात पाऊस सुरू झाला होता. धुतलेली गोधडी तीन दिवस पंख्याखाली वाळवावी लागली, पण तिच्याबाबत मला एकदाही शंका आली नाही.

परदेशी जाताना सगळे नवे कोरे न्यावे, असे सासूबाईंना मनापासून वाटे आणि त्यांनी स्टीलच्या भांड्यांचा संच पाहूनही ठेवला होता. मात्र ऑस्ट्रेलियात मागाहून येणारे घरगुती सामान करमुक्त सोडवायचे, तर ते आपल्या मालकीचे आणि किमान बारा महिने वापरातले असावे लागते. त्यामुळे रोजच्या वापरातली, नावे कोरलेली भांडीच गेली. मिक्सरही नेता आला, कारण विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे. फक्त प्लग बदलावा लागला. अमेरिकेत राहणाऱ्या जावेने तो ठेवून द्यायला सांगितले होते, तिच्याकडे १२० व्होल्ट असल्याने तिचे म्हणणे तिच्यापुरते बरोबर होते. कुकरच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र मी आठवणीने जास्तीचे घेतले.

सर्वांत अवघड ठरले ते लाकूड. कीड, साल, बिया किंवा माती देशात येऊ नये यासाठी तिथली तपासणी कडक असते. पोळपाट, लाटणे आणि वडिलांचा जेवणाचा पाट मी उन्हाच्या तिरिपेत धरून पाहिले. पोळपाट स्वच्छ होता. पाट उलटा करून मी बोटाने टकटक केली, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून पिवळसर भुसा फरशीवर पडला. मी तो पुसून पुन्हा टकटक केली आणि पुन्हा पडला. पाट नणंदेकडे ठेवला. तो सोडताना मला फार जड गेले आणि आजही त्याची आठवण येते. पूजेच्या डब्यातून सुपाऱ्या आणि हळकुंडे काढली, चपलाबुटांच्या तळव्यांतली माती जुन्या टूथब्रशने घासून काढली. विमानात मिळालेल्या कार्डावर लाकडी वस्तू असल्याचे आम्ही लिहिले. जाहीर केलेल्या वस्तूवर दंड होत नाही, लपवलेल्यावर होतो, हे प्रत्येक जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. अधिकारी बाईंनी पोळपाटाचे तिन्ही पाय नखाने तपासले आणि तो परत दिला.

कागदपत्रे हातातल्या पिशवीत होती. त्यांत मुलीचे लसीकरणाचे पुस्तक सर्वांत आधी कामी आले, कारण तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून नोंदी केल्या आणि त्या नोंदींचा दाखला शाळेने प्रवेशाच्या वेळी मागितला.

घरी कुटलेला गोडा मसाला तपासणीत अडकेल या धास्तीने मी नेला नाही, तिथेच करायचे ठरवले. आईला फोनवर प्रमाण विचारले, तर ती म्हणाली, “चार वाट्या धने, वाटीभर सुके खोबरे, पाव वाटी तीळ.” कोणती वाटी, असे विचारल्यावर तिने फडताळातली काठाला पोचा आलेली पितळी वाटी सांगितली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी माहेरी जाऊन ती वाटी घेऊन आले. गोधडीच्या घडीत ती सहज बसली.