उतरेल तेवढंच चढवायचं

चार बाय दीड बाय दीड फुटांचा माशांचा टँक म्हणजे नऊ घनफूट, अडीचशे लिटरच्या जरा वर. त्याखाली संप, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरतं आणि पंपानं परत वर जातं ती खालची टाकी, बसवायचा ठरलं की पंप निवडणं सगळ्यात सोपं वाटतं, कारण खोक्यावर आकडा छापलेलाच असतो. नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदारही त्या आकड्यावरच बोलत होता. "पाच हजारवाला घेऊन जा ना भाऊ, जास्त झालं तर व्हॉल्व पिळायचा." बाहेरच्या बाजूचा व्हॉल्व पिळल्यानं पंपाचं काही बिघडत नाही, एवढं त्याचं खरं. पण बुडालेला पंप जितकी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. मे महिन्यात आमच्याकडे टँकचं पाणी तसंही ३२ अंशांवर जातं. त्यात आणखी शेगडी कोण ठेवेल?

म्हणून मी खालून सुरुवात केली: पाणी उतरतं किती? ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, म्हणजे टँकचं वरचं पाणी सांडून जिथे येतं त्या खोक्यात, एकेक इंची दोन पाइप आहेत. एक मुख्य, काठोकाठ भरून सायफननं वाहणारा. दुसरा थोडा उंच, आणीबाणीचा. भरून वाहणारा पाइप प्रचंड पाणी ओढतो, पण त्याच्या तोंडाशी एखादी गोगलगाय बसली की सगळा भार दुसऱ्यावर, आणि हा गडी हवा गिळत, गुरगुरत वाहतो. माझ्या मते हिशेब याच्याच कुवतीवर धरावा.

मोजायला उपकरण लागत नाही. मुख्य पाइपला बोळा लावला, गच्चीवरच्या टाकीचा नळीपाइप टँकमध्ये सोडला आणि बॉक्समधलं पाणी काठाच्या बोटभर खाली स्थिर होईपर्यंत तोटी वाढवत नेली. मग खाली दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. ३६,००० ला सेकंदांनी भागलं की ताशी लिटर मिळतात. बादली १७ सेकंदांत भरली, म्हणजे साधारण २,१००. पंपानं याच्या बऱ्यापैकी खालीच राहायला हवं. गोड्या पाण्याच्या टँकला तासाला पाच फेऱ्या भरपूर झाल्या, म्हणजे १,३०० च्या आसपास.

आता खोक्यावरचा आकडा. ३,००० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीवरचं. शेजारी 'एच-मॅक्स २.५ मीटर' असतं, तिथे पाणी पोचतं पण वाहत नाही. संपमधल्या पाण्यापासून वरच्या पाण्यापर्यंत माझ्याकडे १.२ मीटर उभं अंतर आहे, म्हणजे प्रवाह जवळपास अर्धा. वर एल्बोंचं, म्हणजे पाइपच्या वळणांचं, घर्षण. जोडून पाहिलं तेव्हा बादलीला २६ सेकंद लागले, ताशी १,३८० च्या घरात. तीन हजारवाला पंप बरोबर बसला.

मुख्य पाइपवर गेट व्हॉल्व हवाच. बॉल व्हॉल्व केसभर फिरवला तरी पातळी उडी मारते. इतवारीत पितळी सहज मिळतो, पण झिंगे पाळणाऱ्यांनी पितळेतल्या तांब्याचा विचार करावा. मी प्लॅस्टिकचा शोधला. तो इतकाच पिळायचा की दुसऱ्या पाइपमध्ये जेमतेम धार जावी. मग आवाज बंद.

वीज गेली की खेळ उलटा. रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी टँकमध्ये सोडणाऱ्या पाइपचं, तोंड जितकं खोल, तितकं पाणी सायफननं खाली येतं. टँकचा पृष्ठभाग ५,६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटर पाणी उतरलं की सतरा लिटर. तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवली आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या किंचित खाली छोटं भोक पाडलं, म्हणजे पातळी तिथवर उतरली की हवा शिरून सायफन तुटतो. भोकात शेवाळ धरतं, अधूनमधून काडी फिरवावी लागते. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या एनआरव्ही व्हॉल्ववर माझा विश्वास नाही. त्यात कचरा अडकतो.

खरा पेच पंपाच्या खणाचा, म्हणजे संपमधल्या ज्या कप्प्यात पंप बसतो त्याचा. दोन्ही ड्रेन तुंबले तर पंप त्या खणातलं पाणी वर फेकतो. खण ३० बाय ३०, वापरातलं पाणी १५ सेंटिमीटर, म्हणजे साडेतेरा लिटर. त्यानं वरची पातळी २.४ सेंटिमीटर चढते आणि काठ चार सेंटिमीटर वर आहे, म्हणजे घर कोरडं. पण हाच लहान खण नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, छळतो. संप असला की बाष्पीभवन टँकमध्ये दिसत नाही, सगळी घट याच खणात. पृष्ठभागावर पंखा आणि खोलीची कोरडी हवा, यांनी दिवसात पाच-साडेपाच लिटर पाणी उडालं की खण सहा सेंटिमीटर खाली. दोन-तीन दिवस दुर्लक्ष केलं की पंप हवा ओढणार.

कूलरचा फ्लोट व्हॉल्व आपल्याकडे उन्हाळ्यात कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो. पण तो थेट टाकीच्या नळाला जोडणं धोक्याचं. ड्रेन तुंबला की पंप खण रिकामा करतो, फ्लोट खाली जातो आणि गच्चीवरची टाकी दिवाणखान्यात येते. मी फ्लोटच्या वर पाच लिटरचा कॅन टांगला. साडेतेरा अधिक पाच, म्हणजे ३.३ सेंटिमीटर, तरी काठाच्या आत. कॅनमध्ये आरओचं पाणी, कारण क्षार उडून जात नाहीत आणि बोअरचं पाणी ओतत राहिलं की जडपणा साठत जातो. उन्हाळ्यात कॅन रोज संध्याकाळी भरतो. पाऊस लागला की एक भरलेला कॅन चार-चार दिवस पुरतो.