एकट्यानं, छोट्या व्हॅनमधून: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला

बेळगावातून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबी साधारण ४५ किलोमीटर. तिथून पुढं चोर्ला घाट उतरला की गोव्यातली साखळी. मोटरसायकलवाली पोरं सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येतात. त्याच पट्ट्यात गाडीतच झोपून तीन-चार रात्री काढायच्या, तेही एकट्यानं, म्हटलं की हिशेब बदलतो. गाडी ढकलायला कुणी नाही, रिव्हर्स घेताना मागं उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणणारं कुणी नाही. माझी सगळी मांडणी या एका अडचणीतून ठरली आहे.

गाडी साधी, १२०० सीसीची पेट्रोल व्हॅन, मागच्या चाकांवर चालणारी. आतलं लाकूडकाम बोल्टनं कायमचं बसवलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाला धक्का लागेल असा फेरबदल परस्पर करता येत नाही, आणि सीट कमी केली तर आरसी बुकातला आकडाच चुकतो. म्हणून मागची सीट पुढं दुमडायची, मागं प्लायची दोन खोकी ठेवायची आणि वर १२ मिलिमीटर प्लायच्या तीन फळ्या बिजागऱ्यांनी जोडून टाकायच्या. खोकी रॅचेट पट्ट्यांनी (खटक्यानं आवळता येणाऱ्या पट्ट्यांनी) आवळलेली. दहा मिनिटांत सगळं बाहेर निघतं. १८ मिलिमीटरचा प्लाय घ्यायचा मोह टाळा. आठ बाय चारचा १२चा तक्ताच वीस-बावीस किलो भरतो, आणि इथं चढावर प्रत्येक किलो क्लचला कळतो.

विजेचं लोक उगाच मोठं करतात. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी, फ्रीज, इन्व्हर्टर! एकट्या माणसाची गरज मोजून बघा: १५ वॉटचा बारा व्होल्टचा पंखा आठ तास म्हणजे १२० वॉट-तास, एलईडी पट्टी २०, मोबाइल नि टॉर्च मिळून ४०. एकूण १८०. बारा व्होल्टच्या ४० अँपिअर-तास लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत पाचशेच्या वर वॉट-तास बसतात, म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी अडीच दिवस निघतात. थंडीत तर पंखाही नको. गाडीच्या बॅटरीकडून १० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमधून (एका बॅटरीतून दुसरी भरणाऱ्या डबीतून) ती भरायची. दिवसाला दोन तास गाडी चालली की खर्च भरून निघतो. या झाडीत टपावरच्या सोलर पॅनेलवर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

चुका होतात त्या वायरिंगमध्ये. चार्जर इग्निशनवरच चालू झाला पाहिजे. कायम जोडून ठेवला तर रात्रभर तो गाडीची बॅटरी ओढतो आणि सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टिक' वाजतं. लिथियम बॅटरीवरून स्टार्ट मारू असं वाटतं, पण छोट्या बॅटरीचं संरक्षक सर्किट स्टार्टरचा करंट बघताच बंद पडतं. त्यासाठी वेगळा जंप स्टार्टर, म्हणजे गाडी सुरू करण्यापुरती छोटी बॅटरी, जवळ हवा. प्लसची वायर जिथून पत्र्यातून आरपार जाते तिथं भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडं) घालायचाच. नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्यानं पत्र्याची कड इन्सुलेशन कापते. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसपासून वीतभर अंतरात, मध्ये कुठंतरी नाही.

पाणी दिवसाला पाच-सहा लिटर पुरतं. वीसचा एक कॅन घेण्यापेक्षा दहाचे दोन घ्या: एक भरलेला वापरात, दुसरा सीलबंद. अर्धा रिकामा मोठा कॅन वळणावर डचमळतो आणि ते गाडीला जाणवतं. दोन्ही खाली, पुढच्या सीटच्या पाठीशी. स्वयंपाकाला छोट्या गॅसच्या डब्याची शेगडी. २३० ग्रॅमचा डबा मोठ्या आचेवर साधारण दीड तास. डिसेंबरच्या पहाटे डबा गार पडला की ज्योत बसते, म्हणून रात्री तो पांघरुणाशेजारी. शेगडी मात्र कायम बाहेर. दारं लावून आत पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो. खरं तर निम्मा स्वयंपाक बेळगावच्या बाजारातच उरकतो: कडक भाकरी, शेंगाचटणी, भडंग, आणि कुंदा, तो मात्र पहिल्या रात्रीच संपतो.

पेट्रोलची टाकी बेळगावात फुल्ल. जांबोटी सोडली की रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवायचा आणि घरी 'उद्या अकरापर्यंत फोन नाही आला तर' हे सांगून निघायचं.

मुक्कामाची जागा दुपारी साडेतीनला शोधायला लागायची, साडेचारच्या आत गाडी लागलेली हवी. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबायचं नाही. हद्दीबाहेरही गवे आणि अस्वलं आहेतच. गवा रात्री रस्त्यात उभा असतो आणि हेडलाइटमध्ये काळा गवा नि काळं डांबर एकच दिसतात. अंधारात गाडी चालवायची नाही. नदीकाठ कितीही छान वाटला तरी नको. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ पावसाळ्यात मलप्रभेच्या पाण्याखाली जातं, त्यावरून काय ते समजा.

चांगली जागा म्हणजे देवळाजवळचं किंवा शाळेजवळचं उघडं जांभ्याचं पठार. जांभ्यावर पाणी थांबत नाही. लाल मातीत मात्र रात्री दव पडलं तरी सकाळी मागचं चाक जागेवर फिरतं. देवराईच्या आत गाडी न्यायची नाही, हे सांगायला लागू नये. आणि आधी विचारायचं, मग चाकाखाली दगड लावायचे. संवाद बहुतेक असाच होतो:

"कुठनं आलाय ओ? एकटेच काय?"

"होय मामा, बेळगावास्नं. रातीपुरती गाडी लावू काय इथं?"

"लावा की. पण त्या आंब्याखाली नको, फांदी वाळलीया. हिकडं घ्या, लाइटच्या खांबाजवळ."

ती फांदी आपल्याला दिसलेली नसते. इथली गावं मराठी बोलणारी, पण वनखात्याचा गार्ड बहुधा कानडी. त्याला "इल्ली गाडी निल्लिसबहुदा?" (इथं गाडी थांबवू का?) एवढं विचारता आलं तरी पुढचं बोलणं सोपं जातं.

गाडी अशी लावायची की झोपल्यावर आपलं डोकं चढाकडे येईल. डॅशबोर्डवर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली की पातळी कळते. काचा समोरासमोर नाही, तिरप्या कोपऱ्यांतल्या, दोन बोटं उघड्या आणि त्यांना जाळी. सगळ्या बंद केल्या तर सकाळी छतावरून आपल्याच श्वासाचं पाणी ठिबकतं.

आता चोर्ला. उतरताना दुसरा गिअर माथ्यावरच टाकायचा, पहिल्या वळणानंतर नाही. ब्रेक दाबून धरायचा नाही. जोरात मारायचा, सोडायचा. पॅडल मऊ लागलं तर समजा, तेल उकळलंय. डॉट ३ ब्रेक तेल कोरं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल शोषून घेतल्यावर १४० च्या आसपास. कणकुंबीच्या बाजूच्या पावसात ओल शोषणं ओघानं आलंच, म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं. वाटेत असं झालं तर पॅडल पंप करत कडेला घ्या आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, चीर जाते. हँडब्रेकही करकचून ओढू नका, ड्रम गार होताना आतले ब्रेकचे शू अडकून बसतात. गिअर आणि चाकाखाली दगड, बस.

चढून परत येताना क्लचचा वास आला की चूक बहुतेक एकच असते: ट्रकच्या मागं हाफ क्लचवर रांगणं. ट्रकला वीस मीटर पुढं जाऊ द्या, मग पहिल्यात एकदम चला. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू दे.

परतल्यावर त्याच दिवशी गाडी खालून प्रेशरनं धुवायची. ही लाल माती चॅसिसच्या कोपऱ्यात वाळली की पुढच्या पावसापर्यंत ओल धरून बसते. चाकांचे नट पान्यानं एकदा बघायचे, कॅन उलटे वाळवायचे, आणि फळ्या काढून सीट परत सरळ.