आधी तिकडचा डबा

डिसेंबर लागला की मला अजून मिरजेच्या चर्चमागच्या अंगणातला चुलीचा धूर आठवतो. नाताळच्या आधी आमच्या महिला मंडळाचा वार्षिक मेळावा असायचा, म्हणजे सकाळी भजनं, मग पोरांचं पाठांतर, मग पाळकसाहेबांचं भाषण (हे लांबायचंच) आणि शेवटी आम्ही ज्यासाठी यायचो ते प्रीतिभोजन.

पाठांतराला बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13 वा अध्याय ठरलेला. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" हे मी आणि माझ्या चुलत बहिणीनं माईकसाठी एकमेकींना कोपरानं ढकलत म्हटलंय आणि अख्ख्या हॉलनं ते बघितलंय.

पाळकसाहेब रेव्हरंड नारायण वामन टिळकांना भाषणात आणल्याशिवाय राहायचे नाहीत. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही येशूच्या भक्तांची मंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना न घेतलेल्यांना दोघांनाही जागा होती, हे ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालेलं. आमच्या पंगतीला पण गल्लीतली सगळी यायची, सतारी बनवणारे एक चाचा तर भजनापासून येऊन बसायचे आणि आमचा सूर घसरला की डोळे मिटून घ्यायचे बिचारे.

पण माझ्या डोक्यात राहिलीय ती आत्या. स्वयंपाक तिच्या ताब्यात. मटणाचा रस्सा शिजत असतानाच दुसऱ्या चुलीवर वांग्याची भाजी आणि आमटी, ती मिशन हॉस्पिटलातल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी. डॉक्टर वानलेसनी 1894 ला सुरू केलेलं हॉस्पिटल ते, कर्नाटकातनं लोक यायचे, बरोबरची माणसं व्हरांड्यात पथारी टाकून दिवसच्या दिवस काढायची. त्यात कुणी माळकरी कुणी लिंगायत, म्हणून भाजीचा डाव पण वेगळा, चुकून रश्श्यात बुडाला तर आत्या तो पहिला घासून आणायला लावायची. आणि कितीही भूक लागू दे, पंगत बसायच्या आत ते डबे गेलेच पाहिजेत. "आधी तिकडं," एवढंच म्हणायची. भाषण वगैरे तिला कधी जमलं नाही, अन् तिचं पाठांतर तर माझ्याहून वाईट होतं!

सातवीत असताना डबे न्यायची पाळी माझी आली. पंगतीच्या घाईत पळत जिना चढले आणि वरच्याच पायरीवर पाय घसरला, आमटी सगळी जिन्यावर. मला रडूच फुटलं. तिथं बसलेली एक म्हातारी उठली, हिरवं इरकल नेसलेली, "इरली बिडव्वा" (कानडीत राहू दे गं) म्हणत स्वतःच्या गाठोड्यातलं फडकं काढून तिनं जिना पुसला, मला हातच लावू दिला नाही. मग उरलेली भाजी काढून घेऊन डबा नळाखाली धुतला, त्यात काहीतरी घातलं आणि झाकण लावून माझ्या हातात दिला.

परत येऊन मी आत्याला सगळं खरं सांगितलं, आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. तिनं नुसता डबा उघडला. आत दोन कडक भाकऱ्या आणि कागदात बांधलेली शेंगाचटणी. ती बाई किती दिवस त्या भाकऱ्यांवर काढत होती देव जाणे.

आत्या काही बोलली नाही, पदरानं तोंड पुसलं, भाकऱ्यांचे बारीक बारीक तुकडे केले आणि पंगतीत पहिल्यांदा तेच वाढत गेली. चाचांना, पाळकसाहेबांना, सगळ्यांना. माझ्या पानात आला तो तुकडा नखाएवढा होता.